ट्रायकोकार्डाची मागणी कशी आणि कधी नोंदवावी

ट्रायकोकार्ड मिळवताना कागदपत्रांपेक्षा तारीख जास्त अडवते. कार्डावर तांदळावरील पतंगाची साधारण २०,००० अंडी चिकटवलेली असतात आणि त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक, म्हणजे एक अगदी बारीक गांधीलमाशी, वाढत असतो. सात-आठ दिवसांत तो बाहेर पडतो. असा जिवंत माल गोदामात साठवता येत नाही, म्हणून प्रयोगशाळा मागणी बघूनच कार्डं तयार करतात. सोडायच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी नोंदणी करा.

मागणी कोणी करावी? ज्यांच्या कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) किडीचे पतंग सापडायला लागले आहेत त्यांनी. अळ्या दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. ही गांधीलमाशी फक्त पतंगाच्या अंड्यांत आपली अंडी घालते, अळीला ती काहीच करत नाही. नुकतंच रासायनिक कीटकनाशक फवारलं असेल तर आठ-दहा दिवस जाऊ द्या.

कुठे? कृषी विभागाच्या जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळा, कृषी विद्यापीठांचे कीटकशास्त्र विभाग, कृषी विज्ञान केंद्रं, आणि उसासाठी काही साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक प्रजाती मिळेलच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारा.

कागदपत्रं. विकत घ्यायचं असेल तर नाव, मोबाईल नंबर, पीक आणि क्षेत्र एवढ्यावर सहसा काम होतं. योजनेतून हवं असेल तर शेतकरी ओळख क्रमांक लागतोच; १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो बंधनकारक आहे. सोबत आधार आणि सातबारा ठेवा, आणि सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतून चालू हंगामाचं पीक चढलंय ना, ते बघून घ्या. गटाने मागणी करत असाल तर सभासदांची गट नंबर आणि क्षेत्रासह यादी जोडा. गटाची मागणी खरोखरच चांगली: शेजारच्या शेतातही कार्डं लागली की परिणाम टिकतो.

अर्जात काय लिहाल? नुसतं 'ट्रायकोकार्ड हवे' असं लिहू नका. पीक, लागवडीची तारीख, कीड, प्रजाती, कार्डांची संख्या आणि प्रत्येक हप्त्याची तारीख लिहा. उसावरील खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस, हेक्टरी ५०,००० अंडी, म्हणजे एकरी एक कार्ड, दर दहा दिवसांनी. भातावरील खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामा जापोनिकम, हेक्टरी एक लाख, एकरी दोन कार्डं. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीसाठी ट्रायकोग्रामा प्रेटिओसम, एकरी ५०,०००, दर आठवड्याला. कपाशीत मात्र नीट लक्ष द्या. गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री ही प्रजाती लागते, एकरी तीन कार्डं. तिथे सवयीने चिलोनिस लिहू नका.

सगळी कार्डं एकदम उचलू नका. पतंग अनेक दिवस अंडी घालत राहतो, त्यामुळे हप्त्यांनीच सोडावं लागतं.

कार्ड हातात घेताना उजेडात धरून बघा. अंडी काळी दिसली पाहिजेत. पांढरट अंडी जास्त असतील तर त्यांत मित्रकीटक शिरलेलाच नाही. काळ्या अंड्यांना बारीक भोकं दिसली तर माश्या आधीच उडून गेल्यात, ते कार्ड परत करा. मागे लिहिलेली माश्या निघण्याची तारीख आणि प्रजातीचं नाव तपासून मगच पावतीवर सही करा. गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवून आणू नका. थंड पिशवीतून आणा. लगेच लावणार नसाल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काही दिवस राहतं, बर्फाच्या कप्प्यात मात्र मरतं.

माश्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कार्डाच्या पट्ट्या कापून शेतभर सारख्या अंतरावर, पानांच्या खालच्या बाजूला टाचा. पट्टी जमिनीजवळ राहिली तर मुंग्या रात्रीतून अंडी उचलून नेतात. जोराचा पाऊस येणार असेल तर एक दिवस थांबा. त्यानंतरचे आठ-दहा दिवस रासायनिक फवारणी बंद ठेवा.