भाडेकराराची नोंदणी : पात्रता, कागदपत्रे, शुल्क आणि मसुद्यातील अटी

महाराष्ट्रात घर, दुकान किंवा कार्यालय भाड्याने देताना करार लेखी असणे आणि तो नोंदवलेला असणे, या दोन्ही गोष्टी कायद्याने सक्तीच्या आहेत. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ मध्ये ही तरतूद आहे आणि ती अकरा महिन्यांच्या करारालाही तितकीच लागू होते. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्यांना सक्तीच्या नोंदणीतून सूट असल्यामुळे 'अकरा महिने' हा आकडा देशभर रूढ झाला, परंतु महाराष्ट्रात मुदत कमी ठेवून नोंदणी टाळता येत नाही.

तरीही स्टॅम्प पेपरवर करार टंकलिखित करून नोटरीचा शिक्का घेतला की काम झाले, असा समज अजूनही मोठ्या प्रमाणावर आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी फक्त दुय्यम निबंधकाकडे होते आणि ती करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याहूनही महत्त्वाचा परिणाम असा की, नोंदणीकृत लेखी करार नसेल आणि वाद उभा राहिला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात आणि त्या तशा नव्हत्या हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. चार पैसे वाचवण्यासाठी नोंदणी टाळणारा मालक स्वतःच्याच हक्काचा पुरावा सोडून देत असतो.

आदर्श भाडेकरू कायद्याबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेला हा मसुदा राज्यांसाठी नमुना आहे. निवासी जागेसाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत घेता येत नाही, असे जे संदेश समाजमाध्यमांतून फिरतात, ते त्या नमुन्यातील तरतुदीवर आधारलेले असतात. महाराष्ट्रातील व्यवहार १९९९ च्याच कायद्यानुसार चालतात, त्यामुळे अनामत किती असावी हे येथे दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरते.

करार कोणता आणि कोण करू शकतो

आपल्याकडे बोलीभाषेत ज्याला भाडेकरार म्हणतात, तो बहुतेक वेळा 'लिव्ह अँड लायसन्स' करार असतो. भाडेपट्ट्याने जागेत भाडेकरूचा हितसंबंध निर्माण होतो, तर लिव्ह अँड लायसन्समध्ये ठरावीक काळ जागा वापरण्याची केवळ परवानगी दिली जाते. निवासी जागेसाठी मालक हाच मार्ग निवडतात, कारण मुदत संपूनही जागा सोडली नाही तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार, अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते.

जागेच्या सूची क्रमांक दोनवर, म्हणजे नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा असलेल्या इंडेक्स टूवर, जितक्या सहमालकांची नावे आहेत, तितक्या सर्वांनी करारावर सही करणे सुरक्षित ठरते. सदनिका पती-पत्नीच्या नावे असताना एकट्या पतीने करार करून देणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. मालक परदेशात असेल, तर नात्यातील किंवा विश्वासातील व्यक्तीला कुलमुखत्यारपत्र देता येते. ते परदेशात केलेले असल्यास भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. अमेरिकेत किंवा आखातात स्थायिक झालेल्या मुलांच्या नावावरील घरे पुण्या-ठाण्यात वृद्ध आईवडील सांभाळत असतात, त्यांनी ही मुदत आवर्जून लक्षात ठेवावी. भाडेकरू अठरा वर्षे पूर्ण केलेला असावा. चार विद्यार्थी मिळून सदनिका घेत असतील, तर चौघांचीही नावे करारात असावीत, कारण एकाच्याच नावावर करार झाला आणि तोच मध्ये निघून गेला, तर मागे राहिलेल्या तिघांना कराराचा कोणताच आधार राहत नाही. कंपनी जागा घेत असल्यास सही करणाऱ्याला तसा अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव जोडावा लागतो.

कागदपत्रे

दोन्ही पक्षांचे आधार व पॅन, भाडेकरूचा कायमचा पत्ता आणि दोन साक्षीदार व त्यांचे आधार ही किमान तयारी आहे. जागेसाठी इंडेक्स टू, मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल यांच्या प्रती समोर ठेवाव्यात. जागेचा पत्ता, सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक हे तपशील आठवणीवर विसंबून न भरता या कागदांवरून अक्षर न् अक्षर तपासून भरावेत. इमारतीचे नाव बदललेले असते, विंगची अक्षरे बदललेली असतात, आणि पुढे बँकेत किंवा पारपत्र कार्यालयात पत्त्याचा पुरावा म्हणून करार दाखवताना नेमकी तीच विसंगती अडचणीची ठरते.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी

साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारासाठी मुद्रांक शुल्काचा दर ०.२५ टक्के आहे. हा दर केवळ भाड्यावर लागत नाही. संपूर्ण मुदतीचे एकूण भाडे, परत न करण्याची काही रक्कम घेतली असल्यास ती, आणि परत करण्याच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले मानीव व्याज, या तिन्हींच्या बेरजेवर तो काढला जातो. दरमहा २५,००० रुपये भाडे, १,००,००० रुपये अनामत आणि अकरा महिने मुदत असेल, तर भाडे होते २,७५,००० रुपये, मानीव व्याज सुमारे ९,१६७ रुपये, आणि २,८४,१६७ रुपयांवर शुल्क येते साधारण ७१० रुपये. नोंदणी विभागाचे पोर्टल ते पूर्णांकात धरते. नोंदणी फी महानगरपालिका क्षेत्रात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे, आणि तिच्यासोबत दस्त हाताळणी शुल्क भरावे लागते. मुदत साठ महिन्यांपेक्षा जास्त असल्यास भाडेपट्ट्याप्रमाणे, म्हणजे बरेच जास्त, शुल्क लागते.

हा सगळा खर्च कोणी करायचा हे आधी बोलून ठरवावे. पुण्या-मुंबईत तो निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे.

ऑनलाइन नोंदणीची प्रक्रिया

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन सुविधेमुळे निबंधक कार्यालयात न जाता करार नोंदवता येतो. त्यासाठी संगणक, वेब कॅमेरा आणि अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र लागते. ही सामग्री घरी नसल्यामुळे बहुतेक जण विभागाच्या अधिकृत सेवा पुरवठादाराकडून काम करून घेतात. त्याचा सेवा आकार सरकारी शुल्कापेक्षा वेगळा असतो, म्हणून दोन्ही रकमा स्वतंत्रपणे विचारून घ्याव्यात आणि चलनाची प्रत मागावी. पोर्टलवर प्रथम मालमत्तेचा, नंतर पक्षकारांचा आणि मग भाडे, अनामत, मुदत व अटींचा तपशील भरला जातो. शुल्क शासनाच्या ग्रास या ऑनलाइन भरणा प्रणालीवर ई-चलनाने भरल्यानंतर छायाचित्र व ठसे घेऊन दस्त पाठवला जातो. दुय्यम निबंधक तो तपासतो, त्रुटी असल्यास कळवतो, आणि सर्व ठीक असल्यास नोंदणी करून डिजिटल सहीचा दस्त व इंडेक्स टू उपलब्ध करून देतो.

ठसे घेण्याच्या टप्प्यावर वृद्ध मंडळींची फार ओढाताण होते. आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र अंगठा पुन्हा पुन्हा नाकारते. आमच्या शेजारच्या आजींचा ठसा सातव्या प्रयत्नात उमटला, तोही बोट ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून, अंगठ्याऐवजी तर्जनी ठेवल्यावर. अशा व्यक्ती करारात असतील, तर त्यांच्या आधारमधील बोटांचे ठसे आधीच अद्ययावत करून घ्यावेत. आधार नसलेल्या व्यक्तीने प्रत्यक्ष दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन दस्त नोंदवावा. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर व्हायला हवा. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून मुभा मिळू शकते.

मसुद्यात काय असावे

छापील नमुन्यातील अटी न वाचता त्यावर सही करणे, हे माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत मोठे नुकसान आहे. 'जागा सुस्थितीत परत करावी' हे वाक्य जवळपास प्रत्येक करारात असते, परंतु सुस्थिती म्हणजे काय, हे क्वचितच लिहिलेले असते. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने तीन वर्षांनी घर सोडले, तेव्हा मालकाने रंगकाम आणि स्वयंपाकघरातील ओलीच्या दुरुस्तीसाठी अनामतीतून मोठी रक्कम कापली. ती ओल आधीपासूनची होती, हे दोघांनाही ठाऊक होते, पण कागदावर त्याबद्दल एक अक्षर नव्हते.

म्हणून ताबा देण्याच्या दिवशी पंखे, गिझर, कपाटे, नळ, चाव्या यांची यादी, भिंतींची व छताची अवस्था, आणि वीज मीटरचा क्रमांक व त्या दिवसाचे रीडिंग लिहून परिशिष्ट म्हणून जोडावे. नळाचा वॉशर, बल्ब, बेसिन तुंबणे यांसारखी रोजच्या वापरातील किरकोळ कामे भाडेकरूने करावीत, आणि छताची गळती, भिंतीतील जलवाहिनी, मुख्य वायरिंग ही कामे मालकाने किती दिवसांत करावीत, हे स्पष्ट लिहावे. गळती वेळेवर थांबवली की इमारतीचे आयुष्य वाढते आणि भाडेकरूही टिकतो. देखभाल शुल्क कोणाकडे, दरवर्षी भाडेवाढ किती टक्के, सूचनेचा कालावधी किती, दोघांपैकी कोणालाच करार मोडता येणार नाही असा काळ किती, आणि अनामत किती दिवसांत व कशी परत करायची, हेही आकड्यांत असावे. भाडे बँकेतून द्यावे आणि रोख दिल्यास पावती घ्यावी. पावती देणे हे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. थकबाकी असली तरी मालकाला पाणी किंवा वीज तोडता येत नाही.

पोलीस आणि सोसायटी

अनेक शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशानुसार भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असते आणि ती ऑनलाइन देता येते. परदेशी नागरिक राहायला आल्यास त्याची माहिती विहित नमुन्यात २४ तासांत द्यावी लागते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, तर करार सुरू होण्याच्या आठ दिवस आधी लेखी कळवून करार व पोलीस सूचनेची प्रत द्यावी लागते. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश तसा आहे, आणि जास्त आकारणी करणाऱ्या समितीला तो दाखवावा.

दुकान व कार्यालयाची जागा

व्यापारी जागेसाठी नोंदणीची रीत तीच आहे, परंतु परिणाम वेगळे आहेत. कलम २४ चा जलद मार्ग फक्त निवासासाठी दिलेल्या जागेला उपलब्ध आहे. दुकानदाराने मुदतीनंतर जागा सोडली नाही, तर मालकाला दिवाणी स्वरूपाच्या दाव्याने, मुंबईत लघुवाद न्यायालयात, जावे लागते. शिवाय बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागा या अधिनियमाच्या संरक्षणाबाहेर आहेत, त्यामुळे तेथे कराराचा शब्दच निर्णायक ठरतो. जीएसटी कोणी भरायचा आणि भाड्यातून टीडीएस किती कापायचा, हे कलमात लिहून घ्यावे. निवासी इमारतीत दुकान किंवा क्लिनिक थाटण्यापूर्वी मंजूर वापर तपासावा.

मुदत संपल्यावर राहणे चालू ठेवायचे असेल, तर जुन्या करारावर तारीख वाढवून चालत नाही, नवा दस्त करून तोही नोंदवावा लागतो. घर सोडायचे असेल, तर परिशिष्ट हातात घेऊन दोघांनी एकत्र खोल्या पाहाव्यात, मीटरचे अखेरचे रीडिंग लिहावे, चाव्या मिळाल्याची आणि ताबा परत आल्याची पोच सहीनिशी घ्यावी, आणि अनामत त्याच दिवशी बँक खात्यात जमा करावी.