घरी प्रिंटर घ्यायचाय? आधी महिन्याची पानं मोजा

आमच्या दुकानात आल्यावर पहिला प्रश्न बहुतेक वेळा असतो, "सगळ्यात स्वस्त कोणता?" आम्ही आधी दोन गोष्टी विचारतो: महिन्याला किती पानं काढणार, आणि मधले किती दिवस प्रिंटर नुसता पडून राहणार? हे कळलं की निम्मी निवड झालीच.

कधीतरी एखादा सातबारा, आधारची प्रत, हॉलतिकीट एवढंच काम असेल, तर प्रिंटर घेऊ नका. जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ते स्वस्तात होईल. आम्ही हे मनापासून सांगतो, कारण शाईचा प्रिंटर वापरून जितका बिघडतो त्याहून जास्त न वापरल्याने बिघडतो.

घरात शाळेची मुलं आहेत, वर्कशीट आणि प्रकल्पांची रंगीत पानं दर आठवड्याला लागतात, तिथे इंक टँक, म्हणजे बाटलीतली शाई टाकीत ओतून भरायचा प्रिंटर, घ्या. कार्ट्रिजचं (शाईची बंद डबी बदलायचं) मशीन घेताना स्वस्त वाटतं, पण काही छोट्या काळ्या कार्ट्रिजमधून जेमतेम शे-सव्वाशे पानं निघतात. टँकच्या काळ्या शाईची एक बाटली मॉडेलप्रमाणे साधारण 4,500 ते 7,500 पानं देते. हिशोब सोपा आहे: शाईची किंमत भागिले खोक्यावर लिहिलेली पानं. फक्त तो आकडा ठरावीक चाचणीपानं सलग छापून काढलेला असतो. घरी आपण थांबून थांबून छापतो, हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) साफ करण्यातही शाई जाते, त्यामुळे पानं थोडी कमीच धरा.

नाशिकचा मार्च ते मे महिन्यांचा कोरडा उन्हाळा शाईच्या प्रिंटरला सोसत नाही. हेडच्या बारीक छिद्रांतली, म्हणजे नोझलमधली, शाई सुकते आणि पानावर पांढऱ्या रेघा येतात. आठवड्याला एक पान, चारही रंग असलेलं, काढत जा. बंद करताना प्रिंटरचंच बटण दाबा. भिंतीवरचं बटण आधी बंद केलं तर हेड जागेवर जाऊन झाकलं जात नाही. रेघा आल्या म्हणून 'हेड क्लीनिंग' पुन्हा पुन्हा करू नका. ती शाई आतल्या पॅडमध्ये साठते आणि पॅड भरला की मशीन छापायचं थांबतं. दोन-तीनदा करून पाहा, नाही जमलं तर आम्हाला दाखवा. पावसाळ्यात त्रास कागदाचा: दमट कागद अडकतो, वळतो. रिम उघडं ठेवू नका, ट्रेमध्ये लागेल तेवढाच कागद घाला.

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, प्रश्नपत्रिका, वकिली किंवा हिशोबाची कागदपत्रं, म्हणजे सगळं काळं-पांढरं आणि भरपूर, असं काम असेल तर लेझर. सुरुवातीला पैसे जास्त जातात, पण टोनर ही कोरडी पूड असते, सुकण्याचा प्रश्नच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाऊन आलात तरी पहिलं पान स्वच्छ येतं. एक खबरदारी घ्या. पूड कागदावर उष्णतेने वितळवून बसवतात, त्यामुळे लेझर वीज झटक्याने ओढतो. तो संगणकाच्या यूपीएसवर लावू नका, सरळ भिंतीच्या सॉकेटवर लावा.

दोन्ही बाजूंनी छपाई आपोआप होते का, हे जरूर विचारा. नोट्स काढणाऱ्यांचा निम्मा कागद वाचतो. काळी शाई पिगमेंटची (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) आहे का, हेही पाहा. डाय शाईवर पाण्याचा थेंब पडला की अक्षरं पसरतात, अर्जाच्या कागदावर ते नको. घरगुती प्रिंटरचे बरेच वायफाय मॉडेल फक्त 2.4 गिगाहर्ट्झवरच जोडले जातात, तेव्हा राउटरवर तो पट्टा (बँड) चालू आहे ना, ते बघून ठेवा.

वॉरंटी अनेकदा 'इतकी वर्षं किंवा इतकी पानं, जे आधी होईल ते' अशी असते. पानांची अट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाशकातच आहे की मशीन बाहेरगावी पाठवावं लागेल, हे आम्ही त्या त्या मॉडेलसाठी बिलाआधी सांगू.

येताना तुम्ही नेहमी छापता तशी एखादी फाइल मोबाइलवर घेऊन या. टँक आणि लेझर, दोन्हींवर तेच पान काढून देतो, हातात धरून ठरवा.