नोव्हगोरोदचे लोक अंगठाबहाद्दर नव्हते

‘जुन्या रशियात लिहिता-वाचता यायचं ते फक्त राजेरजवाडे आणि पाद्र्यांना, बाकी सगळा अडाणी कारभार’ हा समज अजूनही फिरतोय. नोव्हगोरोद शहरापुरता तरी तो साफ चुकीचा आहे.

जुलै १९५१ मध्ये तिथल्या उत्खननात भूर्जाच्या सालीवरचं पहिलं पत्र सापडलं. आजवर हजाराहून जास्त मिळाली आहेत. ओल्या चिखलात हवा न लागल्याने साल कुजली नाही. आपल्याकडे भूर्जपत्रावर शाईने लिहीत. तिथे टोकदार सळीने अक्षरं कोरत. मजकूर अगदी घरगुती: उधारी, तंटे, लग्नाची मागणी. बोरिस नावाचा गृहस्थ नस्तास्याला कळवतो, घोडा देऊन माणूस पाठव, इथे कामं फार आहेत. आणि सदरा पाठव, विसरलोय. (बाहेरगावाहून घरी येणारा फोन, दुसरं काय!) बायकांची पत्रंही आहेत.

सगळेच साक्षर होते असं मात्र नाही. काहींनी दुसऱ्याकडून लिहवून घेतलं असणार.

तेराव्या शतकातला ओनफिम तर सहा-सात वर्षांचा पोरगा असावा. अक्षरं गिरवता गिरवता त्याने एक विचित्र प्राणी काढला आणि शेजारी लिहिलं, ‘मी जनावर आहे’.