जप्त मोबाइलचे लॉक आणि खासगीपणा

गुन्ह्याच्या तपासात ताब्यात आलेला एन्क्रिप्टेड स्मार्टफोन उघडून पाहण्याचा शासनाचा अधिकार आणि फोनधारकाचा खासगीपणाचा हक्क यांच्यातील वाद. अमेरिकेत २०१६ साली ॲपल आणि एफबीआय यांच्यात हा वाद गाजला तो कंपनीने स्वतःचे लॉक मोडून द्यावे की नाही यावर. मराठवाड्यात तो बहुधा पोलीस ठाण्यातच, ‘पिन सांग’ एवढ्यावर सुरू होतो आणि तिथेच मिटवलाही जातो.

आजच्या फोनमध्ये माहिती साठवतानाच सांकेतिक रूपात बदलली जाते. ती उलगडण्याची किल्ली वापरणाऱ्याचा पिन आणि त्याच फोनच्या चिपमधला गुप्त अंक या दोहोंतून तयार होते. त्यामुळे मेमरी चिप काढून दुसरीकडे वाचली तरी हाती काही लागत नाही. आयफोनला एक पिन पडताळायला सुमारे ८० मिलिसेकंद लागतात. चुकीच्या पिननंतरची सक्तीची प्रतीक्षा एखाद्या साधनाने चुकवली, तर चार अंकी पिनच्या १०,००० शक्यता सुमारे १३ मिनिटांत संपतात आणि सहा अंकी पिनच्या १० लाख शक्यता सुमारे २२ तासांत. इंग्रजी लहान अक्षरे व अंक मिसळलेल्या सहा चिन्हांच्या पासवर्डला मात्र साडेपाच वर्षे लागतील. छोट्या पिनवर विसंबणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

फोन सुरू झाल्यावर एकदा तरी उघडला गेला होता का, यावर पुढचे बरेच काही ठरते. एकदा उघडून पुन्हा लॉक झालेल्या फोनच्या चालू मेमरीत अनेक किल्ल्या शिल्लक असतात. फोन बंद पडला की त्या पुसल्या जातात, आणि पुन्हा सुरू केल्यावर बोटाचा ठसा किंवा चेहरा चालत नाही, पिनच लागतो. म्हणून चालू फोन जप्तीच्या वेळी बंद करणे, किंवा मुद्देमाल खोलीत त्याची बॅटरी उतरू देणे, ही तपासातील सर्वांत महागात पडणारी चूक होय. अलीकडचे आयफोन तर सुमारे ७२ तास न उघडल्यास आपोआप रीस्टार्ट होतात.

जप्ती पंचनाम्यात कंपनी, मॉडेल, दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक), सिम, मेमरी कार्ड, बॅटरीची टक्केवारी, फोन चालू होता की बंद, आणि फोनच्या घड्याळात व खऱ्या वेळेत किती फरक आहे, हे सर्व यावे. मग नेटवर्क तोडायचे, नाहीतर दूरवरून फोनमधील माहिती पुसता येते. त्यासाठी फ्लाइट मोड किंवा फॅराडे पिशवी (सिग्नल अडवणारी पिशवी) वापरतात. पिशवीतला फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते, म्हणून पॉवर बँक जोडून आतच ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) नुसार डिजिटल पुराव्यासोबतच्या दोन भागांच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य (माहितीवरून गणिताने काढलेली तिची खूण, माहिती जराही बदलली की तीही बदलते) द्यावे लागते. चालू फोनची प्रत दोनदा काढली तर हॅश जुळत नाहीत, कारण फोन स्वतःच नोंदी लिहीत राहतो. म्हणून हॅश काढलेल्या प्रतीचा नोंदवावा आणि तीच प्रत जपावी. सील करण्याआधी कुणी ‘सहज’ गॅलरी चाळली, तर उलटतपासणीत बचाव पक्षाला आयते हत्यार मिळते. पुढील तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगर व नांदेड येथे प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेत.

पिन सांगण्याची सक्ती करता येते का, याचे उत्तर अजून एकमुखी नाही. संविधानाचे अनुच्छेद २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण देते. बोटांचे ठसे त्यात मोडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितले. डोक्यातला पिन मात्र वेगळा. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड सांगणे ही स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असे म्हटले. दिल्लीतील सीबीआय विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये पासवर्डची सक्ती नाकारली, पण बोट व चेहऱ्याला मुभा दिली. औरंगाबाद खंडपीठापुढे हे दोन्ही निर्णय दाखल्यादाखल मांडता येतात, बंधनकारक नाहीत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६९ उलगड्यासाठी सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगते. पण तो आदेश केंद्र वा राज्याच्या गृह सचिवांच्या पातळीवरून निघतो, ठाणे अंमलदाराच्या तोंडी सांगण्यावरून नव्हे. खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायमूर्तींचा निर्णय २४ ऑगस्ट २०१७ चा आहे. त्यानुसार हस्तक्षेपाला कायदा, वाजवी हेतू आणि प्रमाणबद्धता हवी. गुन्ह्याचा संशयही नसताना नाकाबंदीत कुणाचेही व्हॉट्सॲप चाळणे या कसोटीवर टिकत नाही.

फोनमधील पुरावा किती निर्णायक असतो, हे बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंच हत्या प्रकरणात दिसले. आरोपपत्रासोबत मोबाइलमधील छायाचित्रे व चित्रफिती जोडल्या गेल्या. तीच छायाचित्रे मार्च २०२५ मध्ये घराघरांतल्या फोनवर फिरली आणि मृताच्या कुटुंबालाही ती पाहावी लागली. पुरावा न्यायालयात पोहोचणे अत्यावश्यक होते, चौकाचौकात पोहोचणे नव्हे. फोन उघडण्याच्या अधिकाराइतकेच, उघडल्यावर काय पाहायचे आणि ते कुणाच्या हाती द्यायचे, यालाही बंधन हवे. सर्वांच्या फोनला चोरदार, म्हणजे लॉक टाळून आत शिरण्याची गुप्त वाट, ठेवल्याने हे बंधन येत नाही, उलट ते दार भामट्यांनाही सापडते.

या भागात एक फोन बहुधा एका माणसाचा नसतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात मुकादमाशी झालेला उचलीचा हिशेब, पीकविम्याचा ओटीपी, मुलीच्या परीक्षेचे प्रवेशपत्र, बायकोचे माहेरशी बोलणे, सारे त्याच फोनमध्ये असते. आरोप एकावर असतो आणि उघडे पडते ते सगळे घर. म्हणून तपासाचा कालावधी, संबंधित क्रमांक व ॲप यांपुरतीच प्रत काढावी, असा अर्ज वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे लवकर करावा. पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. जप्त सिमच्या जागी नवे सिम घेण्याआधी तपास अधिकाऱ्याला लेखी कळवावे, अन्यथा पुरावा नष्ट केल्याचा संशय येतो. फोन सुपूर्दनाम्यावर (मागितल्यास पुन्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर) परत मिळू शकतो. त्यानंतर निकाल लागेपर्यंत तो विकू नये, फॉरमॅट करू नये. पिन, यूपीआय पिन आणि ईमेलचा पासवर्ड मात्र बदलावा, आणि व्हॉट्सॲपमधील ‘लिंक केलेली उपकरणे’ तपासून अनोळखी उपकरण दिसल्यास काढून टाकावे.