अल्बरस्टाइन, खावा

अल्बरस्टाइन, खावा : (८ डिसेंबर १९४६ – ). हिब्रू आणि यिडिश या दोन्ही भाषांतून गाणाऱ्या इस्राएली लोकगायिका, गीतकार व संगीतकार. त्यांचा जन्म पोलंडमधील श्चेचिन या बंदराच्या शहरी झाला. हे शहर दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीकडून पोलंडकडे आले होते. खावा चार वर्षांच्या असताना कुटुंब इस्राएलला स्थलांतरित झाले आणि हैफाजवळील किर्यात खाइम येथे त्यांचे बालपण गेले.

१९६४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, याफा येथील हम्माम नाट्यगृहात त्यांनी स्वतः गिटार वाजवत चार गाणी सादर केली. क्लॅरिनेटच्या साथीला त्यांचे भाऊ होते. हा कार्यक्रम आकाशवाणीवरून थेट प्रक्षेपित झाल्याने त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले आणि लवकरच ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या सीबीएस कंपनीशी त्यांचा करार झाला. पुढच्या वर्षी त्या सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झाल्या. लष्करी वाद्यवृंदांतून समूहाने गाण्याची प्रथा तेव्हा जोरात असताना त्या मात्र एकटीने, केवळ गिटार घेऊन, सैनिकांपुढे गात असत. खर्जाकडे झुकणारा आवाज, शब्दांचा स्पष्ट उच्चार आणि वाद्यांची मोजकी साथ ही त्यांच्या गायनाची पुढेही टिकलेली वैशिष्ट्ये होत. त्यांनी साठांहून अधिक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या आहेत.

त्यांच्या यिडिश गाण्यांचे मोल त्या काळाच्या संदर्भातच कळते. मध्ययुगीन जर्मन बोलीतून घडलेली, हिब्रू व स्लाव्ह शब्दांनी समृद्ध झालेली आणि हिब्रू लिपीत लिहिली जाणारी यिडिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची घरगुती भाषा. बोलणारे तिला ‘मामे-लोशन’, म्हणजे आईची भाषा, म्हणत. ती बोलणारे लक्षावधी लोक नाझींच्या नरसंहारात मारले गेले. जे वाचून इस्राएलला आले, त्यांना तेथेही ही भाषा उजळ माथ्याने बोलता येईना, कारण नव्या राष्ट्राने हिब्रूला राष्ट्रभाषेचे स्थान देऊन यिडिशकडे परदास्यातील जिण्याची खूण म्हणून पाहिले आणि सुरुवातीच्या काळात यिडिश नाटकांवर सरकारी निर्बंधही घातले. अशा वातावरणात हिब्रू गीतांनी लोकप्रिय झालेल्या एका तरुण गायिकेने यिडिश गाणी सातत्याने ध्वनिमुद्रित करावीत, हे धैर्याचेच काम होते. ही भाषा त्यांनी केवळ स्मरणरंजनासाठी वापरली नाही. तिच्यातील आधुनिक कवितेला त्यांनी नव्या चाली दिल्या.

१९८० नंतर त्या स्वतःची गीते अधिक प्रमाणात लिहू लागल्या. ‘मेहाग्रिम’ (स्थलांतरित, १९८६) या ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गीते त्यांचीच आहेत. १९८९ मध्ये, पहिला पॅलेस्टिनी उठाव (इंतिफादा) चालू असताना, त्यांनी ‘खाद गाद्या’ (एक करडू) या पारंपरिक गीतास नवे रूप दिले. ज्यूंच्या वल्हांडण (पासओव्हर) सणाच्या भोजनानंतर म्हटले जाणारे हे अरामी या प्राचीन भाषेतील साखळीगीत आहे : बापाने दोन नाण्यांना विकत घेतलेले करडू मांजर खाते, मांजराला कुत्रा चावतो, कुत्र्याला काठी मारते, काठीला आग जाळते, आणि अखेरीस मृत्युदूतालाही ईश्वर मारतो. अल्बरस्टाइन यांनी साखळी तशीच ठेवून शेवटी स्वतःचा प्रश्न जोडला : मारणारा आणि मार खाणारा यांचे हे चक्र किती काळ फिरणार? पूर्वी आपण निरुपद्रवी करडू होतो, आज वाघ आणि लांडगा झालो आहोत, अशी कबुली त्यात होती. सरकारी आकाशवाणीने या गाण्यावर काही काळ बंदी घातली. सणाचे घरोघरी पाठ असलेले गाणे असल्यामुळेच त्याचा घाव खोल गेला असावा. आमोस गिताई यांच्या ‘फ्री झोन’ (२००५) या चित्रपटाच्या दीर्घ प्रारंभदृश्यात तेच ऐकू येते.

त्यांचे पती चित्रपट दिग्दर्शक नादाव लेविटान (मृत्यू २०१०) यांनीही त्यांच्यासाठी गीते लिहिली. मानाचा ‘किनोर दाविद’ पुरस्कार अल्बरस्टाइन यांना सहा वेळा मिळाला, तर यिडिशच्या सेवेबद्दल १९९९ मध्ये ‘इत्झिक मांगेर’ पुरस्कार लाभला.

त्याच्या आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ‘क्लेझमॅटिक्स’ या वाद्यवृंदासह त्यांनी ‘दि क्रेनित्से’ (विहीर) हा यिडिश कवितांचा संग्रह ध्वनिमुद्रित केला होता. कवितांना चाली त्यांच्याच आहेत. त्यातील सर्वांत हृदयस्पर्शी रचना बिनेम हेलर यांची ‘माझी बहीण खाये’ ही होय. आई कामावर गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणारी हिरव्या डोळ्यांची कवीची ही बहीण त्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीत मारली गेली. कवी म्हणतो की आपण आजही यिडिशमध्ये कविता लिहितो, ती तिच्यासाठी. अल्बरस्टाइन हे गाणे जवळजवळ बोलल्यासारखे, आवाज न चढवता गातात.