सीआरपी आणि एचएस-सीआरपी: सोरायसिसच्या रुग्णाने काय वाचावे

कोल्हापुरात सीआरपी या रक्तचाचणीचा पहिला घोटाळा लॅबच्या काउंटरवरच होतो. ‘सीपीआर करायचं आहे’ असे सांगत आलेल्या माणसाला त्या नावाचा दवाखाना हवा आहे की रक्ततपासणी, हे चिठ्ठी पाहिल्यावाचून कळत नाही. तो घोटाळा तिथेच मिटतो. साध्या सीआरपीचा आणि एचएस-सीआरपीचा घोटाळा मात्र चिठ्ठी पाहूनही मिटत नाही, आणि सोरायसिसच्या, म्हणजे कातडीवर चट्टे उठवणाऱ्या दीर्घकाळच्या आजाराच्या, रुग्णांना तो समजावून देताना तेच तेच बोलून आता कंटाळा आला आहे.

साधी सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) चाचणी कोविडने घरोघरी पोचवली, त्यामुळे तिच्याविषयी थोडक्यातच लिहितो. न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेशी संयोग पावणारे द्रव्य म्हणून हे प्रथिन १९३० साली नोंदले गेले आणि नाव त्यावरूनच पडले. शरीरात दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन यकृताला निरोप देते आणि यकृत हे प्रथिन रक्तात सोडते. न्यूमोनियासारख्या आजारात आकडा सहज शंभरी गाठतो, आणि कारण दूर झाले की साधारण १९ तासांत निम्मा होतो.

एचएस-सीआरपीमध्ये मोजले जाते ते हेच प्रथिन. ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ यातले ‘हाय’ हे विशेषण चाचणीच्या बारीक पकडीचे आहे. पण रिपोर्टच्या मथळ्यावर तो शब्द दिसताच ‘माझं सीआरपी हाय आलं’ म्हणून घाबरलेली माणसे मी पाहिली आहेत. मार्केट यार्डात गुळाचे रवे जोखणाऱ्या काट्यावर अंगठी ठेवली तर काटा हलणार नाही, पण म्हणून अंगठी बिनवजनाची ठरत नाही. तिच्यासाठी गुजरीतला सोनाराचा काटा लागतो. साधी चाचणी बहुधा ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खालचे सगळे एका ‘नॉर्मल’मध्ये गुंडाळते. एचएस चाचणी त्याच पट्ट्यात ०.६ आणि ३.८ यांतला फरक दाखवते.

हा फरक वाचायचे कोष्टक अमेरिकेतल्या हृदयरोगविषयक संस्थेने २००३ साली रोगनियंत्रण केंद्राबरोबर दिले: १ पेक्षा कमी असल्यास हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. रुग्ण एवढेच वाचतात. त्याच शिफारशीत पुढे असेही आहे की आकडा १० च्या वर गेला तर तो हृदयाच्या हिशेबात धरू नये, संसर्ग किंवा दाहाचे कारण शोधावे आणि ते शमल्यावर तपासणी पुन्हा करावी. शिवाय एकाच रिपोर्टवर न विसंबता दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी काढावी. थोडक्यात, हे कोष्टक शरीरात दुसरा दाह चालू नाही असे धरून चालते.

सोरायसिसच्या रुग्णात नेमके हेच गृहीतक डळमळते. इंटरल्यूकिन-२३, इंटरल्यूकिन-१७ आणि टीएनएफ या तशाच संदेशवाहकांनी कातडीत पेटवलेल्या दाहाची झळ रक्तापर्यंत येते. पोटावरची चरबीही स्वतः इंटरल्यूकिन-६ सोडते, आणि स्थूलपणा, मधुमेह, फॅटी लिव्हर हे सोरायसिसबरोबर अधिक आढळतात. त्यामुळे ४.२ हा आकडा कोपरावरच्या चट्ट्यांचा, पोटाच्या घेराचा की दुखऱ्या दाढेचा, हे तो आकडा सांगत नाही. जी माणसे तो थेट हृदयाच्या खात्यावर लिहितात, आणि जी ‘सोरायसिस आहे, वाढणारच’ म्हणून सोडून देतात, ती दोन्ही मला सारखीच चुकीची वाटतात.

एककाचा घोळ त्यातल्या त्यात सोपा. कागलकडचे एक मामा दोन रिपोर्ट घेऊन आले होते, एकावर ०.४२ आणि आठवड्यानंतरच्या दुसऱ्यावर ४.२. ‘आठ दिवसांत धापट वाढलं की ओ साहेब!’ पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होता, दुसरा प्रति लिटरमध्ये. पहिल्याला दहाने गुणले की दुसरा येतो. वाढले काहीच नव्हते. आकडा ठळक आणि एकक बारीक छापायची रीत कोणी पाडली, देव जाणे.

सोरायसिसचे निदान डोळ्यांनी होते, अडले तर कातडीचा तुकडा तपासून. साधी सीआरपी किंवा एचएस-सीआरपी यांपैकी कोणतीही चाचणी ते करत नाही. सोरायसिसच्या सांधेदुखीत सीआरपी अनेकदा नॉर्मल असते, म्हणून सकाळी बोटे आखडत असतील तर ‘नॉर्मल’ शिक्क्यावर समाधान मानू नये. सोरायसिसच्या रुग्णांत चरबीतून स्रवणाऱ्या संप्रेरकांपैकी लेप्टिन वाढलेले आणि अ‍ॅडिपोनेक्टिन घटलेले असते असे अभ्यासांत दिसते, पण रुग्णाने स्वतःहून त्यावर पैसे घालवावेत असे मला वाटत नाही.

माझी पसंती साध्या गोष्टींना आहे: एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), रक्तदाब आणि शिंप्याची टेप. भारतीय पुरुषाच्या कमरेची मर्यादा ९० सेंटीमीटर, स्त्रीची ८०. अमेरिकेच्या २०१९ च्या हृदयरोग-प्रतिबंधक शिफारशींत सोरायसिससारखा दीर्घकाळचा दाह हा धोका वाढवणारा घटक म्हणून स्वतंत्र मोजला आहे आणि २ किंवा अधिक एचएस-सीआरपी हा वेगळा; म्हणजे रक्त काढण्याआधीच सोरायसिस हिशेबात आलेला असतो.

मामांची दाढ सुजलेली होती, हे त्यांनी बोलता बोलता सांगितले. दाढेचा इलाज होऊ द्या, सूज उतरल्यावर दोन आठवडे जाऊ द्या आणि मग पुन्हा तपासायचे का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, असे मी म्हणालो. मग टेप काढली. ९८ भरले.