ठोक्याला बारा फ्रेम

१८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये डिस्नेचा ‘स्टीमबोट विली’ हा कार्टूनपट लागला. मिकी माऊसची शिट्टी, पावलं, भांड्यांची ठणठण सगळं तालात पडत होतं, कारण चित्रं काढण्याआधीच त्याचा हिशेब झाला होता.

मूकपटाचा वेग यंत्र चालवणाऱ्यागणिक बदलायचा. ध्वनीला ते परवडत नाही. वेग हलला की स्वरही हलतो. म्हणून बोलपटांनी सेकंदाला २४ फ्रेम (फिल्मवरची एकेक स्थिर चित्रं) पक्क्या केल्या, म्हणजे मिनिटाला १,४४०. या आकड्याला गाण्याच्या लयीने भागलं की ठोक्यामागे किती फ्रेम ते निघतं. मिनिटाला १२० ठोके असतील तर १२, १८० असतील तर ८. डिस्नेकडे विल्फ्रेड जॅक्सन यांनी मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणारं यंत्र, लावून हा हिशेब बसवला. मग संगीताच्या मात्रा आणि त्यांखालच्या घडामोडी एकाच कागदावर मांडता आल्या. कितव्या फ्रेमला काय आपटायचं, हे चित्रकाराला आधीच कळू लागलं.

भागाकार पूर्ण सुटला नाही की पंचाईत. १३०च्या लयीला ठोक्यामागे ११.०८ फ्रेम येतात. सरळ ११ धरल्या तर शंभर ठोक्यांनंतर चित्र जवळपास ८ फ्रेम पुढे निघून जातं. हा सेकंदाचा तिसरा हिस्सा झाला, कुणालाही खटकेल. त्यापेक्षा गाण्याच्या लयीलाच थोडी मुरड घातलेली बरी. ११ची आणखी एक खोड आहे. मेहनत निम्मी व्हावी म्हणून एक चित्र सहसा दोन फ्रेमना वापरतात. विषम आकड्यात ते बसत नाही, एखादं चित्र एकाच फ्रेमपुरतं ठेवावं लागतं.

हिशेब चोख असूनही वादक मागेपुढे होतात. ‘विली’च्या पहिल्या ध्वनिमुद्रणात नेमकं तेच झालं, वाद्यवृंद पडद्याशी जुळेना. दुसऱ्या वेळी फिल्मवरच उसळणारी खूण छापली आणि ती पाहून ताल धरला. पुढे क्लिक ट्रॅक आला. फिल्मच्या ध्वनिपट्टीवर दर ठोक्याच्या जागी भोक पाडायचं. ते यंत्रातून सरकलं की ‘टक्’ वाजायचं आणि वादकाला हेडफोनमधून ऐकू यायचं. या युक्तीचं मोल फार मोठं, कारण वादकाला पडद्याकडे बघावंच लागत नाही.

मुरलेले चित्रकार आपटण्याचं चित्र आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवतात. आवाज किंचित उशिरा आला तर मेंदू चालवून घेतो, आधी आला तर लगेच खटकतो. शिवाय एका फ्रेमच्या वेळात ध्वनी जेमतेम १४ मीटर जातो. मोठ्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत तो तसाही एक-दोन फ्रेम उशिराच पोचतो.